मुंबईच्या उकाड्यात चाखलेल्या काही व्हाइट आणि रेड वाइन

दादरला राहणाऱ्या एका दांपत्याने मला विचारले आहे : "आम्ही वर्षभरापासून महिन्याला एक-दोन बाटल्या घरी आणतो. व्हाइट वाइन आम्हाला थंडगार आंबट पाण्यासारखी लागते आणि रेड वाइन कडू लागून घशाशी जळजळते. शिराझ द्राक्षाच्या एकाच रेड वाइनमध्ये पत्नीला मिऱ्याचा वास येतो, मला काहीच येत नाही. आपण अलीकडे चाखलेल्या आणि आवडलेल्या वाइन कोणत्या, त्यांत आपल्याला नेमके काय जाणवले आणि आम्हाला ते का जाणवत नाही, हे सांगाल का? शिवाय आम्हा दोघांना एका संध्याकाळी एक बाटली संपत नाही, तिचे काय करावे?"

मुंबईतल्या हॉटेलांसाठी वाइन निवडणे, ती पाहुण्यांना देणे आणि नव्या मुलामुलींना चाखायला शिकवणे हे काम मी गेली २२ वर्षे करते आहे. आपल्या पहिल्या दोन तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत, की बाटली कोणती होती हे विचारण्याआधी ती कुठे ठेवली होती हे मी विचारते. बहुतेक घरांत व्हाइट वाइन फ्रिजमधून काढून थेट ग्लासात ओतली जाते, म्हणजे ती चार-पाच अंशांवर असते. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असे कुठेतरी वाचलेले असते, म्हणून ती कपाटातून थेट टेबलावर येते. हा सल्ला ज्या देशांत जन्मला तिथल्या जुन्या दगडी घरांतली खोली १६ ते १८ अंशांची असे. मे महिन्यात माटुंग्याच्या माझ्या घरात पंखा चालू असतानाही तापमापी ३१ अंश दाखवत होती. थंडीने वाइनचा वास दबतो आणि आंबटपणा व तुरटपणा पुढे येतात. उष्णतेने मद्यार्काची वाफ आधी नाकात शिरते आणि बाकी सारे झाकून टाकते. आपली व्हाइट पहिल्या कारणाने मुकी झाली आहे आणि रेड दुसऱ्या कारणाने जळजळते आहे.

हे केवळ सांगून पटत नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी एकाच खोक्यातल्या सुला दिंडोरी रिझर्व्ह शिराझच्या दोन बाटल्या घेतल्या. एक दिवसभर कपाटावर राहू दिली, दुसरी दीड तास फ्रिजमध्ये ठेवली. ओतल्यावर पहिली ३० अंशांवर होती, दुसरी १७ अंशांवर. पहिल्या ग्लासात नाक घालताच इंजेक्शनआधी दंडावर फिरवतात त्या स्पिरिटच्या बोळ्याची आठवण झाली आणि त्यामागून फार शिजलेल्या जांभळाच्या पाकाचा जड वास आला. घोट गिळल्यावर छातीपर्यंत ऊब उतरली आणि तोंडात फळाचे काही उरले नाही. दुसऱ्या ग्लासात पिकलेले, किंचित चिरडलेले जांभूळ होते, त्यावर नुकतीच कुटलेली काळी मिरी होती आणि तळाशी ओकच्या पिंपातून आलेला धुराचा व करवंटीचा मंद वास होता. जिभेवर ती वाइन रेशमी लागली आणि शेवटी हिरड्यांवर हलका तुरटपणा ठेवून गेली. द्राक्ष तेच, पिंप तेच, खोके तेच. फरक तेरा अंशांचा होता. माझ्या शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीने दुसरी बाटली महाग असणार, असे ठामपणे सांगितले.

घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. नुसता बर्फ बाटलीला जागोजागी टेकतो, पाणी मात्र तिला सगळीकडून वेढते. तापलेली रेड अशा पाण्यात दहा-बारा मिनिटांत प्यायजोगी होते आणि व्हाइटला पंचवीस-तीस मिनिटे लागतात. फ्रिजमधली व्हाइट उलट पंधरा मिनिटे आधी बाहेर काढावी. ग्लास एक तृतीयांशच भरावा, कारण आपल्या हवेत ओतलेली वाइन बघता बघता गरम होते. राहिलेली बाटली बर्फात असली म्हणजे पुढचा ग्लास पुन्हा योग्य तापमानाचा मिळतो.

आता 'कडू' या शब्दाविषयी. आपण कडू म्हणता ते बहुतेक तुरट असावे. आपल्या षड्रसांत कडूपासून वेगळा असा तुरट म्हणजेच कषाय रस पूर्वीपासून मोजलेला आहे, त्यामुळे मराठी माणसाला रेड वाइन समजण्याची अर्धी तयारी घरातच मिळालेली असते. आवळा चावल्यावर, कच्च्या केळ्याची साल चुकून जिभेला लागल्यावर किंवा भरपूर जांभळे खाल्ल्यावर तोंड जसे आवळून येते, तेच काम द्राक्षाच्या साली आणि बियांतले टॅनिन करते. ते लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि तोंडातला ओलावा ओढून घेते. कडवटपणा जिभेवर लागतो, तुरटपणा हिरड्यांना आणि गालांच्या आतल्या बाजूला जाणवतो. पुढच्या घोटाला केवळ एवढेच तपासून पाहावे. आंबटपणाचीही अशीच सोपी खूण आहे : घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना किती लाळ सुटते ते पाहावे.

मिऱ्याचा प्रश्न तर मला फारच आवडला. शिराझमधला मिऱ्याचा वास ज्या रेणूमुळे येतो त्याचे नाव रोटंडोन आहे. खऱ्या काळ्या मिरीचा वासही त्याच्यामुळेच असतो. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली वाइनमधला हा संबंध उलगडला, आणि सुमारे पाचपैकी एका माणसाला हा रेणू जवळजवळ जाणवतच नाही, हेही तेव्हा दिसून आले. त्यामुळे आपले नाक कच्चे आहे असे मुळीच मानू नये. आपण आणि आपल्या पत्नी एकाच ग्लासातून खरोखरच दोन वेगळ्या वाइन पीत असाल. दोघांनी आपापले टिपण वेगळे लिहावे आणि मग ताडून पाहावे.

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मी चाखलेल्यांपैकी ज्या व्हाइट वाइन मनात राहिल्या त्यांत पहिली सुलाची सॉव्हिन्यों ब्लां. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही द्राक्षे लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन आली, तेव्हापासून मी ती जवळजवळ दरवर्षी चाखत आले आहे. दहा अंशांवर तिच्यात चिरलेली सिमला मिरची, पेरूची हिरवी साल, लिंबाचे पान आणि पॅशनफ्रूट असे वास एकामागून एक येतात. सिमला मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिन नावाच्या रेणूंचा असतो. द्राक्ष पिकत जाते आणि घडांवर ऊन पडते तसे ते कमी होत जातात. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे, वाइनचे बहुतेक प्रसिद्ध प्रदेश ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. आपल्याकडे पावसाळ्यात द्राक्ष पिकवता येत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशी दोनदा छाटणी करून वर्षाला एकच पीक घेतात. मण्यांत पाणी उतरते तेव्हा थंडी असते. पण पुढे जानेवारी ते मार्च या काढणीच्या काळात दिवस तापत जातात, साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. व्हाइट वाइनचा बागायतदार आंबटपणा वाचवायला घड थोडे लवकर काढतो, आणि म्हणून तो हिरवा वास नाशिकच्या सॉव्हिन्योंत रेंगाळतो. काही जाणकार त्याला उणीव मानतात. मला तो प्रामाणिक वाटतो, आणि कोथिंबीर वडीबरोबर तर तो वास आपल्याच स्वयंपाकघरातला वाटतो.

त्यानंतर शेनिन ब्लां. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले. दक्षिण आफ्रिकेत त्याला स्टीन म्हणतात आणि नाशिकमध्ये ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. मे महिन्यातल्या एका रविवारी मी दोन शेनिन शेजारी शेजारी ठेवल्या. सुलाची किंचित गोडसर होती, तिच्यात पिकलेला पेरू, अननसाची फोड आणि खरबूज असे वास होते. दुसरी ल्वारमधल्या वूव्रे गावची कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, बाटली होती. तिच्यात हिरवे सफरचंद, नाशपाती, मधाच्या पोळ्याचे मेण आणि एक असा वास होता ज्याला इंग्रज जाणकार ओल्या लोकरीचा वास म्हणतात. मी शिकत होते तेव्हा हे वर्णन मला कधी उमगले नव्हते. मग एकदा पावसात भिजलेली घोंगडी वाळत घातलेली असताना तिच्याजवळून गेले आणि ग्लासातला वास एकदम ओळखीचा झाला. तेव्हापासून मी शिकवताना घोंगडीच म्हणते. वूव्रेची वाइन जिभेच्या कडा अक्षरशः पिळून काढते, कारण त्या थंड मुलखात द्राक्ष पूर्ण पिकले तरी आंबटपणा टिकून राहतो.

त्या दिवशी ताटात रव्यात तळलेले बोंबील होते. वूव्रेने तळणाचे तेल स्वच्छ कापले आणि बोंबलाचा मऊ, किंचित गोड गर मोकळा झाला. नाशिकच्या शेनिनने वेगळे काम केले : बोंबलाला लावलेले लाल तिखट आणि हळद तिच्या गोडसरपणाने शांत केली. आपल्याकडच्या जेवणाबरोबर किंचित गोडी असलेली वाइन घ्यायला अनेकांना संकोच वाटतो, कोरडी वाइन तीच खरी असे त्यांच्या मनात बसलेले असते. मी त्याच्याशी अजिबात सहमत नाही. मद्यार्काने तिखट भडकते, टॅनिनने ते आणखी खरखरीत होते, आणि गोडी त्याला आवरते. मुंबईच्या ताटाशेजारी म्हणून थोडी गोडसर, आंबट आणि कमी मद्यार्काची वाइन सर्वांत सुखाने नांदते.

याच कारणाने जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग द्राक्षाची एक काबिनेट, म्हणजे हलक्या प्रकारची व्हाइट वाइन, मला फार भावली. तिच्यात मद्यार्क जेमतेम आठ-नऊ टक्के होता. बाटली काही वर्षे जुनी होती, आणि जुन्या रीसलिंगमध्ये येणारा रॉकेलचा वास तिच्यात स्पष्ट होता. ज्यांच्या आजीच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना हा वास दचकवतो, पण तो दोष नव्हे. पंधरा मिनिटांत त्याच्याखालून ईडलिंबू आणि पांढरे जर्दाळू वर आले. कोलंबीच्या नारळाच्या कढीबरोबर मी ती घेतली आणि दुसरे काही घ्यावेसे वाटले नाही.

फ्रान्समधल्या शाब्ली गावच्या व्हाइट वाइनविषयी थोडक्यात सांगते. शार्दोने द्राक्षाची ही वाइन बहुतेकदा ओकशिवाय करतात, आणि तिथल्या चुनखडीच्या जमिनीत शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. तिचा वास ओल्या पाटीवर पेन्सिल घासल्यासारखा येतो. दगडाची चव मुळांतून थेट वाइनमध्ये चढते असे मात्र नाही. तो भास तीव्र आंबटपणा आणि फळांच्या वासाचा संयम यांतून होतो. वाफवलेल्या कालवांवर लिंबू पिळण्याऐवजी ही वाइन प्यावी.

रेड वाइनमध्ये शिराझविषयी वर लिहिलेच आहे. दुसरी ग्रोव्हर झाम्पाची ला रिझर्व्ह. बंगळूरूजवळच्या नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी पिकणाऱ्या काबर्ने सॉव्हिन्यों आणि शिराझ या दोन द्राक्षांची ही वाइन ओकमध्ये मुरवलेली असते, आणि फ्रान्समधल्या बोर्दोचे नामवंत वाइन-सल्लागार मिशेल रोलां यांचा सल्ला या कंपनीला दीर्घकाळ मिळाला. तिच्यात मला काळे मनुके, लवंग, व्हॅनिला आणि अगदी मागे तीच हिरवी सिमला मिरची जाणवली, कारण काबर्ने हे सॉव्हिन्यों ब्लांचेच अपत्य आहे. काबर्ने फ्रां आणि सॉव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून ते निपजले. सतरा अंशांवर ती नीट बसते. अठराच्या वर ओकचा वास फळावर कुरघोडी करतो.

माझ्या मनात सर्वांत जास्त घर केले ते सांजोवेझेने. इटलीतल्या तोस्कानाचे हे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत पिकते, आणि त्यांच्या सेत्ते या वाइनमध्ये त्याला काबर्ने सॉव्हिन्योंची जोड दिलेली असते. मी तिच्याबरोबर काळ्या कोंबड्याचे चिन्ह असलेली तोस्कानाचीच एक क्यांती क्लासिको वाइन उघडली. त्या वाइनमध्ये निदान ८० टक्के सांजोवेझे असावेच लागते. तोस्कानाच्या वाइनमध्ये आंबट चेरी, कडक चहाची पूड आणि वाळलेले गवत होते. ती सडपातळ होती आणि तिचा आंबटपणा शेवटपर्यंत ताठ होता. अकलूजची वाइन अंगाने भरलेली निघाली : पिकलेले करवंद, आलुबुखार, कातड्याच्या नव्या पिशवीचा वास आणि शेवटी आमसुलाची एक रेघ. दोन्हींच्या तळाशी एकच आंबट-तुरट धागा होता, आणि तो ओळखता आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ज्या मातीत आपण ऊस आणि ज्वारी पाहत मोठे झालो तिथे हे द्राक्ष स्वतःची ओळख न सोडता रुजले आहे. सुक्या मटणाबरोबर दोन्ही उत्तम लागल्या. मटणात मिरची बेताची आणि खोबरे भाजलेले होते, हेही सांगायला हवे. तांबड्या रश्श्याबरोबर मी यांपैकी एकही घेणार नाही.

माशांबरोबर रेड नको असे जे सांगतात त्यामागेही कारण आहे. रेड वाइनमधले लोह माशातल्या तेलाशी जुळून तोंडात गंजासारखी, उग्र हिवसाण चव उभी करते. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर हे फार जाणवते. अपवाद हवाच असेल तर फ्रान्सच्या बोजोले प्रदेशातल्या मोर्गों गावची, गामे द्राक्षाची रेड घ्यावी. तिच्यात टॅनिन थोडे असते, आणि १३-१४ अंशांपर्यंत गार केली तरी ती आखडत नाही. मी ती सुरमईच्या तव्यावरच्या तुकडीबरोबर घेतली. लाल जाम, ओली माती आणि गुलाबाच्या पाकळ्या असा तिचा वास होता. मुंबईत रेड वाइनची सुरुवात करणाऱ्यांनी जड काबर्नेऐवजी अशी हलकी वाइन आधी प्यावी, असे माझे ठाम मत आहे.

चाखण्याच्या टिपणांत एक वाईट बाटलीही सांगते, कारण ती ओळखता येणे तितकेच गरजेचे आहे. एप्रिलमध्ये उपनगरातल्या एका दुकानातून मी एक परदेशी रेड आणली. दुकानाच्या काचेच्या कपाटावर दुपारचे ऊन थेट येत होते, हे मला पैसे दिल्यावर दिसले. घरी आल्यावर पाहिले तर बूच बाटलीच्या तोंडापेक्षा दोन मिलीमीटर वर आले होते आणि वेष्टणाखाली चिकट ओघळ होता. तापलेली वाइन फुगते आणि बुचाला वर ढकलते. मग फटीतून हवा आत जाते. ग्लासात विटकरी झाक आली होती आणि करपलेल्या मोरांब्यासारखा वास होता. दुकानदाराने ती परत घेतली नाही. तेव्हापासून मी दुकानात शिरल्यावर लेबलाआधी बाटल्या कुठे ठेवल्या आहेत ते पाहते, बुचावरून बोट फिरवते आणि व्हाइट वाइन शक्यतो फिरकीच्या झाकणाची घेते. बुचाचा दुसरा दोष वेगळा आहे : वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास येतो. तो टीसीए नावाच्या रेणूचा असतो आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढाही नाकाला पुरतो. अशी बाटली उघडी ठेवून सुधारत नाही. आपली 'पाण्यासारखी' लागलेली एखादी व्हाइट कदाचित याचीच सौम्य बळी असेल, कारण थोड्या प्रमाणात हा रेणू स्वतः न दिसता फळाचा वास खाऊन टाकतो.

न संपलेल्या बाटलीविषयी आपण विचारले आहे. तिला लगेच झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवावे, रेड असली तरीही. थंडीत हवेशी होणारी प्रक्रिया मंदावते. शक्य असेल तर उघडताक्षणीच अर्धी वाइन स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे तिच्यावर हवाच राहत नाही. सॉव्हिन्योंचा पॅशनफ्रूटचा वास दुसऱ्या दिवशीच उतरू लागतो, म्हणून ती आधी संपवावी. मोझेलची रीसलिंग माझ्याकडे पाच दिवस जवळजवळ तशीच राहिली. सेत्तेचा अर्धा भाग मी असाच बाजूला ठेवला होता. दुसऱ्या संध्याकाळी बाहेर काढून पाऊण तास टेबलावर ठेवला आणि ओतला, तेव्हा तुरटपणा बराच मऊ झाला होता आणि आदल्या दिवशी ओकमागे लपलेले करवंद पुढे आले होते. तिसऱ्या दिवशी करवंद गेले, चहाची पूड तेवढी उरली, आणि ती वाइन मी मटणाच्या रश्शात घातली.